खोका उलटा करून बघा

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायची खुली प्रणाली) चालणाऱ्या राउटरांच्या यादीत मॉडेलचं नाव दिसलं की बिनधास्त मागवा, असं काही जण सांगतात. अर्धंच पटलं. नाव तेच ठेवून आतलं बदलायची खोड या धंद्यात जुनी आहे. ज्या लिंकसिस डब्ल्यूआरटी५४जी राउटरमुळे ओपनडब्ल्यूआरटी जन्माला आलं, त्याच्याच पाचव्या आवृत्तीत २००५ साली फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) ४ एमबीवरून २ आणि रॅम १६ वरून ८ वर आणली होती. माझंही तेच झालं. ऑनलाइन फोटोत व्ही २ (दुसरी आवृत्ती), हातात पडला व्ही ४, आतली चिपच निराळी. आता दुकानात जातो, खोका उलटा करून सिरीयल नंबराजवळचं बारीक 'व्हर' म्हणजे आवृत्ती वाचतो, मगच पाकीट काढतो. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

आणि ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅमवाला स्वस्तातला राउटर नको. असल्यांची साथ ओपनडब्ल्यूआरटीने १९.०७ नंतर सोडली. निदान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम तरी हवी. ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तर मी तरी हात लावणार नाही, तिला चालवणारे खुले ड्रायव्हर (सॉफ्टवेअर) धड नसल्याने राउटर चालतो पण वायफाय रडतं. मीडियाटेकच्या चिपवाला शोधा.