ऑन-कार्ड की स्टिकर? सही असलेलं बेसबॉल कार्ड घ्यायचंय

एडिसनची_आई: नमस्कार मंडळी. मुलगा सातवीत आहे, न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा कट्टर चाहता. वाढदिवसाला सही असलेलं कार्ड द्यायचं ठरवलंय. दुकानात साधारण एकाच किमतीची दोन कार्डं आहेत. एक निवृत्त, नावाजलेल्या खेळाडूचं: स्टिकरवर सही आणि शेजारी जर्सीचा तुकडा. दुसरं बोमन क्रोम या कार्डमालिकेतलं, नवख्या पोराचं, सही थेट कार्डावर. दुकानदार पहिलं घ्या म्हणतो. तुम्ही काय घ्याल?

दादर_ते_जर्सी: ताई, दुसरं घ्या.

स्टिकरचं असं असतं, कंपनी खेळाडूकडे पारदर्शक स्टिकरांचे ताव पाठवते. तो बसल्या बैठकीला शेकडो सह्या करतो. ते ताव कधी कधी वर्षानुवर्षं पडून राहतात आणि मग कुठल्यातरी कार्डावर चिकटवले जातात. तुमच्या मुलाच्या हातात येणारं कार्ड त्या खेळाडूने पाहिलेलंसुद्धा नसतं. ऑन-कार्डमध्ये तेच कार्ड त्याच्या हाताखालून गेलेलं असतं. पेनाचा दाब, घाईत लांबलेलं शेवटचं अक्षर, सगळं त्याच पुठ्ठ्यावर. मी सही जमवतो ती एवढ्यासाठीच.

कार्डांच्या पाकिटात कंपनीच्या हमीची सही टाकायची सुरुवात अप्पर डेक या कार्ड कंपनीने १९९० साली केली. रेजी जॅक्सनची २५०० कार्डं, प्रत्येकावर हाताने केलेली सही आणि हाताने घातलेला क्रमांक. रेजी म्हणजे १९७७च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात तीन होम रन मारणारा यांकी, मुलाला विचारा, त्याला नक्की ठाऊक असेल. आजही कुठलंही ऑटो, म्हणजे सहीचं कार्ड, हातात घेतलं की मी मनात त्या कार्डाशी ताडून बघतो.

जर्सीच्या तुकड्यावर भाळू नका. कार्डाच्या मागचा बारीक मजकूर वाचा. हल्ली बऱ्याच कार्डांवर स्पष्ट छापलेलं असतं की हे कापड कोणत्याही विशिष्ट सामन्यातलं नाही.

क्वीन्सचा_काका: स्टिकरला इतकं हिणवू नका हो. निवृत्त खेळाडूंच्या आपल्या खिशाला झेपणाऱ्या सह्या बऱ्याचदा स्टिकरवरच मिळतात. निळ्या शार्पी मार्करने नीट लिहिलेलं पूर्ण नाव असेल, तर ऑन-कार्डवरच्या दोन रेघोट्यांपेक्षा मला ते प्रिय. फक्त अक्षर स्टिकरच्या कडेला तुटलंय का आणि खाली हवेचे बुडबुडे आहेत का, ते बघून घ्यावं.

दादर_ते_जर्सी: काका, सुवाच्य सहीबद्दल पूर्ण सहमत. काही तरुण खेळाडू आद्याक्षरावरच थांबतात, त्याचं वाईट वाटतं. पण स्टिकर निदान खेळाडूने सही करण्यासाठीच बनवलेला असतो. मला खरा त्रास होतो तो कट ऑटोचा. दिवंगत खेळाडूचं पत्र, चेक नाहीतर कुणाच्या तरी स्वाक्षरीच्या वहीतलं पान कापायचं आणि सहीचा तुकडा कार्डाच्या खिडकीत बसवायचा. त्या पत्रात काय लिहिलं होतं, ते कायमचं गेलं. माझ्या मामांकडे वानखेडेवर जमवलेल्या सह्यांची वही आहे. तिच्यातून एक चौकोन कापायची कल्पनाही मला सहन होत नाही.

नवा_भिडू: आणि नुसत्या सुट्या कार्डावर समोरासमोर घेतलेली सही? इंटरनेटवर निम्म्या किमतीत मिळतायत.

दादर_ते_जर्सी: स्वतः घ्या, विकत घेऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये यांकीज सरावाला फ्लोरिडातल्या टॅम्पात असतात, तिथे कुंपणापाशी मुलाने स्वतः मिळवलेली सही मी सगळ्यांत वर ठेवीन, प्रमाणपत्राचा कागद असो वा नसो. दुसऱ्याकडून घ्यायची तर पीएसए, बेकेट किंवा जेएसए या सही तपासणाऱ्या कंपन्यांपैकी एकीचं प्रमाणपत्र हवंच. नव्वदच्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये खोट्या सह्यांची अख्खी टोळी पकडली होती. सॅन डिएगो पाड्रेज संघाचा खेळाडू टोनी ग्विन, खुद्द त्याला संघाच्याच दुकानात स्वतःच्या नावाच्या बनावट सह्या दिसल्या होत्या. आणि टॉप्स कंपनीच्या १९७५च्या कार्डांवर पुढे दिसते ती सही छापील असते, प्रत्येक प्रतीवर तीच. ती खरी म्हणून कुणी विकत असेल तर तिथून निघा.

ताई, कार्ड घेतल्यावर उन्हात मांडू नका. शाई फिकी पडते.

एडिसनची_आई: सर्वांचे आभार. बोमन क्रोमचंच घेते. शनिवारी त्या जर्सीवाल्या कार्डाचा मागचा मजकूरही वाचून येते आणि इथे लिहिते.