काकडीवरचे तांबडे भुंगे : कारल्याच्या पाल्याचा रस कुणी मारून बघितलाय का?

करवीर तालुक्यात नदीकडेला आमचं दहा गुंठे माळवं आहे. जोतिबाची यात्रा झाल्यावर काकडी आणि दोडका टोकला. रोपं दोन पानांवर आली न आली तोच तांबडे भुंगे तुटून पडले. त्या दोन पानांची चाळण झाली की रोप बसतंच. निम्म्या आळ्यांत पुन्हा बी लावलं. सासूबाई पहाटे राख उडवतात, गुण येतो, पण वळवाची एक सर आली की सगळी धुऊन जाते.

त्याच बांधावर कारल्याचा वेल आहे. त्याला मात्र एक भुंगा शिवत नाही!

मी थोडं वाचलं. काकडी-भोपळ्यात कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. बहुतेक किडे त्याला तोंड लावत नाहीत, या भुंग्यांना मात्र तेच खायला उद्युक्त करतं. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्याच्या पानातली मोमोर्डिसिन ही द्रव्यं या भुंग्यांना नकोशी असतात. म्हणून विचारते, कारल्याचा पाला वाटून रस फवारला तर चालेल का? कोवळी पानं करपतील का? उलट बाजूनं, कडू दुधीच्या फोडी ठेवून भुंगे एका जागी गोळा करता येतील का? घरात लहान मुलं आहेत आणि कडू दुधीचा रस पोटात जाऊन माणसं दगावली आहेत, म्हणून जपून विचारते.

आणखी एक. काल उकिडवी बसून बघत होते. भुंगा आधी पानावर गोल रेघ कुरतडतो, चार आण्याएवढी, आणि मगच आतला भाग खातो. कडू आवडतं तर ही रेघ कशाला?

प्रतिसाद

ताई, काकडीचा देठ मोडून बघा. जो रस येतो तो लगेच चिकट होऊन घट्ट बसतो. किड्याच्या जबड्याला तो चिकटला तर खाणं थांबतं. रेघ मारली की त्या तुकड्याकडे येणारा रस तुटतो.

कारल्याचा रस आधी चारच आळ्यांवर, संध्याकाळी मारा. दोन दिवस पानं बघा, मगच पुढं. तोवर पाच टक्के निंबोळी अर्क आहेच. दुधीच्या फोडी मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका, त्यापेक्षा पहाटे भुंगे सुस्त असताना वेचून साबणाच्या पाण्यात टाका. रोपांवर जाळी घाला, फुलं लागली की काढा, नाहीतर मधमाशी आत येणार नाही. आणि वेल काढल्यावर जमीन खोल नांगरा. यांच्या अळ्या मातीत राहून मुळं खातात, त्यामुळं पुढच्या वर्षी त्याच जागी काकडी नको.

मूळ धागा लिहिणारी

देठ मोडून बघितला. बोटं अजून चिकट आहेत. आज संध्याकाळी चार आळ्यांवर रस मारते, परवा पानांचं काय झालं ते इथंच लिहिते. जाळी किती बारीक घ्यावी, तेवढं सांगा.