सोलापुरात स्लाइड ट्रॉम्बोन शिकणाऱ्या मुलीला सोबत कोठे मिळेल?

टॉवेलकारखाना (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्वभागात राहतो. माझी मुलगी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे. शाळेच्या बँडपथकात ती तीन वर्षे बिगुल वाजवत होती. माझ्या पत्नीचे थोरले मामा लष्करी बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत असत. गेल्या वर्षी ते वारले आणि त्यांचे वाद्य, जुन्या पेटीसकट, आमच्या घरी आले. बिगुलाची सवय असल्यामुळे तिला पहिल्याच दिवशी आवाज काढता आला, परंतु पुढे-मागे सरकणारी नळी मध्येच अडकते आणि कोणता सूर नेमका कोठे आहे, हे सांगणारे कोणी नाही.

शहरातील दोन बँडवाल्यांकडे मी चौकशी केली. एकाने हे वाद्य पाहून ‘हे आता कोणी वाजवत नाही, कळांचे घ्या’ असे सांगितले आणि दुसऱ्याने लग्नसराई संपल्यावर या असे म्हटले. नातेवाइकांचे म्हणणे निराळेच आहे. ‘शिकवून मुलीला वरातीत पाठवणार का?’ असे माझ्या चुलतभावाने भर पंगतीत विचारले. त्याला मी उत्तर दिले नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

शिक्षक हवाच आहे, पण माझी खरी चौकशी सोबतीची आहे. गल्लीत तबला शिकणारी पाच मुले सहज सापडतात. ट्रॉम्बोन वाजवणारे लोक एकमेकांना भेटतात तरी कोठे, आणि सोलापुरात राहून ते शक्य आहे का?

युफोनियम

दादा, आपल्याला ‘हे आता कोणी वाजवत नाही’ असे सांगणारा माणूस खोटे बोलला नाही. त्याने कारण मात्र सांगितले नाही. माझे वडील बँडमास्तर होते. मी स्वतः दिवसा यंत्रमागावर असतो आणि लग्नाची तिथी असेल त्या दिवशी बँडमध्ये युफोनियम, म्हणजे कळांचे मोठे, खर्जातले पितळी वाद्य, वाजवतो. आमच्याकडे ट्रॉम्बोन आहे तो तीन कळांचा, ट्रम्पेटसारखी बोटे टाकायचा. वरातीत माणसांना चालायला जागा नसते. पुढे नाचणारी पोरे, बाजूला कॅसिओची गाडी, वर दिव्यांच्या माळा, अशा गर्दीत हातभर नळी पुढे फेकली तर ती कोणाच्या तरी पाठीत बसते, आणि एकदा तिला पोच आला की वाद्य संपले. शिवाय रस्त्यावरची धूळ नळीत गेली की ती अडकू लागते. म्हणून बहुतेक वराती बँडांनी कळांचा ट्रॉम्बोन धरला. आमची वाद्ये मेरठहून येतात. तेथील जाली कोठी भागात पितळी वाद्ये घडवण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि नादिर अली यांची पेढी तर 1885 पासूनची आहे.

आमच्या आयुष्याविषयी आपण विचारले नाही, पण चुलतभावाच्या बोलण्यामुळे सांगावेसे वाटते. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात, पौषात नसतात. मधल्या काळात गणपती, नवरात्र आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ एवढाच आधार. त्यामुळे आमच्यातील प्रत्येकाला दुसरा धंदा असतो. कोणी मागावर, कोणी रंगकामावर, कोणी रिक्षावर. सुपारी घेताना यजमान हात जोडून बोलतात आणि जेवायच्या वेळी बँडवाल्यांची पंगत शेवटी मांडतात, ज्या पंगतीत बहुधा जिलेबी संपलेली असते. डीजे आल्यावर सुपाऱ्या कमी झाल्या, हेही खरे. तरीही ज्या वादकाला मधला सूर धरता येतो त्याची आम्हाला आजही गरज असते, कारण गाण्याची चाल ट्रम्पेटवाला आणि क्लॅरोनेटवाला नेतात आणि त्यांच्या खाली भिंत उभी करण्याचे काम ट्रॉम्बोन व युफोनियमचे असते. ती भिंत ऐकणाऱ्याला जाणवत नाही. ती पडली की मात्र सगळ्यांना कळते.

माझे मत असे की मुलीने आधी कळांच्या वाद्यावर हात बसवावा आणि मग मामांच्या वाद्याकडे वळावे. आमच्या बँडचे दुकान मंगळवार पेठेत आहे. ज्या संध्याकाळी तिथी नसेल त्या संध्याकाळी आम्ही शटर अर्धे ओढून सराव करतो. आपण तिला घेऊन या. मुली आमच्यात नाहीत, हे आधीच सांगतो. माझी पत्नी आणि बहीण त्या दिवशी दुकानात येऊन बसतील.

पहिल्या रांगेतला

मी लष्करी बँडमध्ये बावीस वर्षे ट्रॉम्बोन वाजवला. प्रशिक्षण पचमढीला, लष्कराच्या संगीत विभागात झाले. सध्या पुण्यात राहतो. युफोनियमवाल्या बंधूंच्या बाकी सगळ्या म्हणण्याला माझा मान आहे, परंतु आधी कळा आणि मग स्लाइड, म्हणजे सरकती नळी, हा सल्ला मला पटत नाही. कळ दाबली की सूर बऱ्याच अंशी आपोआप जागेवर बसतो, त्यामुळे कान आळशी होतो. स्लाइडवर सूर आधी कानात तयार असावा लागतो आणि हात त्याच्यामागून जातो. वरातीतल्या धक्क्यांचे त्यांनी सांगितलेले कारण मात्र अगदी बरोबर आहे. आम्हीही संचलनात ट्रॉम्बोनवाल्यांना पहिल्या रांगेत ठेवतो, कारण आमच्यापुढे कोणाची पाठ नको. माझ्या नावामागची हकिगत तीच.

आता कामाचे. टेनर ट्रॉम्बोनच्या नळीची एकूण लांबी सुमारे 9 फूट असते. स्लाइडची स्थाने सात. प्रत्येक स्थानाला सूर एक अर्धस्वर खाली येतो. पहिल्या आणि दुसऱ्या स्थानातील अंतर साधारण 8 सेंटिमीटर असते आणि पुढचे प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा थोडे वाढत जाते. म्हणून पट्टीने मापून नळीवर खुणा करण्याचा मोह टाळावा. मी उमेदवारीत पेन्सिलने खुणा केल्या होत्या आणि उस्तादांनी त्या माझ्याच रुमालाने पुसायला लावल्या. सातव्या स्थानापर्यंत लहान हात पोहोचत नाहीत, त्याची काळजी करू नये. मामांच्या वाद्याच्या घंटेमागे (पसरट तोंडामागे) जास्तीच्या नळीची गुंडाळी आणि डाव्या अंगठ्याची कळ असेल, तर खर्जातले सहाव्या व सातव्या स्थानाचे सूर तिला पहिल्या-दुसऱ्या स्थानांच्या आसपासच मिळतील.

अडकणाऱ्या नळीविषयी: बाहेरची नळी काढून कोमट पाण्याने आणि लवचिक ब्रशने दोन्ही नळ्या आतून स्वच्छ कराव्यात. पाणी कढत नको, पितळेवरील लॅकर, म्हणजे चकचकीत लेप, निघते. आतल्या नळ्यांच्या टोकाचा किंचित जाड भाग नेमका सरकणारा असतो. तेथे स्लाइड क्रीम अगदी थोडे लावून वरून पाण्याचा फवारा मारावा. खोबरेल किंवा शिलाई यंत्राचे तेल लावू नये, हे मी हात जोडून सांगतो, कारण मी असे वाद्य पाहिले आहे. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा फवारा पुन्हा पुन्हा मारावा लागेल. स्वच्छ केल्यावरही नळी त्याच ठिकाणी अडकली, तर तिला पोच आहे किंवा दोन नळ्या समांतर राहिलेल्या नाहीत असे समजावे आणि घरी ठोकाठोक करू नये. पितळेवर गुलाबी ठिपके दिसत असतील तर तेही पाहून घ्या. त्या जागी मिश्रधातूतील जस्त निघून गेलेले असते आणि नळी आतून कुजत असते.

सरावाचे म्हणाल, तर पहिले तीन महिने लांब सूर. सकाळी वीस मिनिटे, संध्याकाळी वीस मिनिटे, ओठ दुखू लागले की थांबणे. लिपी बेस क्लेफची, म्हणजे खालच्या सुरांची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकावी. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी परीक्षांमध्ये ट्रॉम्बोन हा विषय आहे, त्याचा अभ्यासक्रम घरी बसून पाहता येतो. आणि चुलतभावांना सांगा, महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत बँड्समन हे स्वतंत्र पद असते.

काळी पाच

मुंबईत एका हौशी वाद्यवृंदात मी ट्रॉम्बोन वाजवतो; मूळचा सोलापूरचा, आजी अजून बाळीवेशीत असते. मी आधी हार्मोनियम शिकलो होतो, त्यामुळे त्या वाटेने दोन गोष्टी सांगतो.

आपल्या मुलीच्या हातातील वाद्य हार्मोनियमच्या काळी पाचच्या पट्टीचे आहे. नळी पूर्ण आत घेऊन, म्हणजे पहिल्या स्थानावर, केवळ ओठांचा ताण बदलत वर गेले की षड्ज, पंचम, षड्ज, गंधार, पंचम असे सूर एकामागून एक मिळत जातात. त्यातील गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा किंचित उतरा लागतो. तो वाद्याचा दोष समजू नये. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार तोच आहे. त्याच्याही वरचा कोमल निषाद मात्र इतका उतरा असतो की पहिल्या स्थानावर तो उपयोगी पडत नाही, आणि त्या ओळीतील सूर घ्यायचे झाल्यास नळी नेहमीच्या जागेपेक्षा थोडी आत ओढावी लागते. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, घेता येते, पण सात स्थाने म्हणजे सहाच अर्धस्वर, त्यामुळे षड्जावरून निघालेली अखंड मींड खालच्या तीव्र मध्यमावर संपते. सारंगीची अपेक्षा या वाद्याकडून करू नये. मी केली होती आणि दोन वर्षे वाया घालवली.

आता सोबतीविषयी, कारण मूळ प्रश्न तोच होता. वाद्यवृंदात आमचे काम बहुतेक वेळ गप्प बसण्याचे असते. बीथोव्हनची पाचवी सिंफनी 1808 मध्ये व्हिएन्नात प्रथम वाजली, तिच्यात तीन ट्रॉम्बोन आहेत आणि ते थेट शेवटच्या भागात येतात. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीतही तसेच. वीस-तीस मिनिटे वाद्य मांडीवर ठेवून मात्रा मोजत बसायचे, आणि मग थंड पडलेल्या पितळेतून पहिलाच सूर निर्मळ काढायचा. ही वाट पाहणे एकट्याने जमत नाही. शेजारचा गृहस्थ बोटे मोजतो, आपण त्याच्याकडे पाहतो, दोघांचा हिशेब जुळला की जीव भांड्यात पडतो. माझ्या सगळ्या मैत्र्या अशाच रिकाम्या मात्रांमध्ये जुळलेल्या आहेत. त्यामुळे ट्रॉम्बोनवाले जेथे भेटतात तेथे चौघे मिळून वाजवायला बसतात. त्याची परंपराही जुनी आहे; बीथोव्हनने 1812 मध्ये लिंझ येथे केवळ चार ट्रॉम्बोनांसाठी तीन लहान रचना लिहिल्या आणि त्यांतील सूर 1827 मध्ये त्याच्याच अंत्ययात्रेत वाजले. जगभरच्या वादकांची इंटरनॅशनल ट्रॉम्बोन असोसिएशन 1972 पासून आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलीला आधी दुसरा एक माणूस हवा, जगाचे नंतर पाहता येईल.

तो माणूस व्हिडिओ कॉलवर शोधू नये. शिकवणी तेथे होते, मात्र आवाज पोहोचायला लागणाऱ्या विलंबामुळे एकत्र वाजवणे होत नाही. वरच्या दोन्ही उत्तरांतील भांडणाचा निकालही मला येथेच दिसतो. मामांचा ट्रॉम्बोन आणि दुकानातील युफोनियम साधारण एकाच पल्ल्याची वाद्ये आहेत. तिने स्लाइडच धरावी आणि बसावे मात्र युफोनियमशेजारी. महिन्यातून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्याला जाऊन, पहिल्या रांगेतल्या काकांकडे हात तपासून घेऊन, संध्याकाळच्या त्याच गाडीने परत येता येईल. काकांची संमती मी गृहीत धरली आहे, त्याबद्दल क्षमस्व.

पहिल्या रांगेतला

संमती आहे. महिन्याचा दुसरा रविवार. येताना पेटी अंगाजवळ ठेवावी, वरच्या फळीवर नको.

टॉवेलकारखाना

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात तिथीच फार होत्या.

काल संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो. त्याआधी सांगितल्याप्रमाणे नळी धुतली. आतून निघालेले पाणी चहासारखे होते आणि वाद्यावर दोन ठिकाणी गुलाबी ठिपकेही सापडले. नळी आता चौथ्या स्थानापर्यंत मोकळी सरकते, त्यापुढे किंचित खरखरते. युफोनियमदादांनी तिला आपल्या डाव्या हाताला बसवले आणि कोणतेही गाणे न सांगता एकच सूर धरायला लावला. तिचा सूर आणि त्यांचा सूर आधी एकमेकांवर घासत होते, आवाजात एक थरथर येत होती. तिने नळी बोटभर आत ओढली आणि ती थरथर एकदम नाहीशी झाली. तिने चमकून माझ्याकडे पाहिले. मला संगीतातले काही कळत नाही, पण हे मलाही ऐकू आले. त्यानंतर पाचव्या स्थानाला जाताना नळी अर्ध्या ओढलेल्या शटरवर आपटली आणि सगळे हसले. पोच आलेला नाही, मी दोनदा तपासले.

दादांच्या पत्नी आणि बहीण, दोघी शेवटपर्यंत बसल्या होत्या. निघताना बहिणीने युफोनियम मांडीवर घेऊन फुंकून पाहिले. आवाज निघाला नाही, पण पुढच्या वेळी पुन्हा पाहीन असे त्या म्हणाल्या.

दोन शंका उरल्या आहेत. मामांच्या पेटीत दोन माउथपीस निघाले. त्यांतील एकाची दांडी बारीक असून ती वाद्यात व्यवस्थित बसते, तर दुसऱ्याची जाड असून अर्धवट बाहेर राहते. जाड दांडीचा दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडणार असेल तर तो मी पुण्याला घेऊन येईन. आणि स्लाइड क्रीम सोलापुरात कोठेही मिळाले नाही. दुसऱ्या रविवारी येताना पुण्यात कोणत्या भागात विचारावे, हे काकांनी कळवावे.