गणवेश एकाच दुकानातून घ्यायची सक्ती: शाळेचं बरोबर की पालकांचं?

मानेवाडा_आई
मुलगी यंदा पाचवीत गेली आणि शाळेने गणवेश बदलला. आधी साधी निळी चौकडी होती. इतवारीत कापड मिळायचं, गल्लीतले टेलर काका शिवून द्यायचे, खाली चार बोटं दुमड ठेवायचे, म्हणून एक स्कर्ट दोन वर्षं सहज जायचा. आता चौकडीच्या रेघेत शाळेच्या नावाची अक्षरं विणली आहेत, खिशावर मोनोग्राम आहे, हाउसच्या रंगाचा टीशर्ट वेगळा, मोज्यांनाही ठरलेल्या दोन पट्ट्या. हे सगळं अख्ख्या नागपुरात एकाच दुकानात मिळते. दोन जोड, पीटी ड्रेस, टाय, बेल्ट, मोजे धरून साडेपाच हजारांच्या वर गेले. मोठीचे चांगले धड असलेले तीन स्कर्ट धाकटीच्या कामाचे राहिले नाहीत.

शाळा लेखी काहीच देत नाही. पालकसभेत तोंडी सांगतात आणि दुकानाचं कार्ड हातात ठेवतात. दुकानदाराला पक्कं बिल मागितलं तर चिठ्ठीवर आकडे लिहून देतो.

माझं म्हणणं असं की रंग, कापड आणि नमुना शाळेने खुशाल ठरवावा. कुठून घ्यायचं ते आम्ही ठरवू. मोनोग्राम सुटा विका, आम्ही शिवून लावू.

गांधीबाग_कापडवाला
ताई, मी या धंद्यात आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. शाळेचा ड्रेस म्हणजे रोजचा खप नाही. कापडाची ऑर्डर जानेवारी-फेब्रुवारीत द्यावी लागते. खास चौकडी विणून हवी असेल तर गिरणी थोड्याशा मीटरसाठी माग लावत नाही, एकदम मोठा लॉट उचलावा लागतो. नर्सरीच्या पोरापासून दहावीच्या पोरापर्यंत सगळे साइझ भरावे लागतात. पैसा सुटतो जूनच्या शेवटी, आपल्या विदर्भात स्टेट बोर्डाच्या शाळा उघडतात तेव्हा. तोवर व्याज आमच्या डोक्यावर. शाळेने मध्येच डिझाइन बदललं तर उरलेला माल कोणी रद्दीच्या भावातही घेत नाही, कारण त्यावर शाळेचं नाव आहे.

आता बाजार खुला केला तर काय होईल ते पाहा. दहा दुकानं जूनमध्ये 26 ते 32 हे चालणारे साइझ विकतील आणि मोकळी होतील. तुमच्या पोराची पँट दिवाळीनंतर आखूड झाली की एक नग कोण देईल? मी देतो, कारण वर्षभर माल ठेवायचं मी शाळेला कबूल केलं आहे. शिवाय रंगाच्या प्रत्येक लॉटमध्ये शेड थोडी फिरते. दहा ठिकाणचं कापड आलं तर रांगेत दहा निळे दिसतील.

कमिशन मागणाऱ्या शाळा आहेत, ते मी नाकारत नाही. त्या कमिशनचा भार शेवटी शर्टाच्या किमतीवरच येते, हेही खरं. पण एकच दुकान ठेवलं म्हणजे लूट, असं सरसकट म्हणू नका.

निवृत्त_शिक्षक_महाल
मी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीपासूनच्या शाळा पाहिल्या आहेत. तेव्हा "पांढरा शर्ट, खाकी चड्डी" एवढंच सांगत होतो. कोणाचा शर्ट भारी टेरीकॉटचा, कोणाचा धुऊन धुऊन पिवळा पडलेला. पोरं लगेच ओळखायची. एका ठिकाणाहून, एका कापडाचा गणवेश आला की तो भेद बराच झाकला जातो. पालकांना किंमत टोचते हे समजते, पण वर्गात मूल कसं बसते त्याचाही विचार करा. मी सक्तीच्या बाजूचा आहे, दर मात्र शाळेने जाहीर करावे.

हिंगणा_बाबा
सर, तुमचा आदर ठेवून बोलतो. माझा पोरगा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून लागला. फी माफ झाली, पण ड्रेसचे पैसे मलाच भरावे लागले. दोन जोड घ्यायची ऐपत नव्हती, एकच घेतला. रोज रात्री धुऊन पंख्याखाली वाळवतो, पावसाळ्यात ओला घालून जाते. बाकी पोरांजवळ तीन-तीन जोड. मग भेद कुठे झाकला गेला? कापड एकच असलं तरी कॉलर आधी कोणाची विरते ते वर्गाला दिसते. तेच कापड बाहेर निम्म्यात मिळालं असतं तर माझ्या पोराला दोन जोड झाले असते.

आरटीई कायद्याच्या कलम 3 मध्ये लिहिलं आहे की प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा येईल असा कोणताही खर्च मुलावर पडू नये. हे शाळेत दाखवलं तर बाई म्हणाल्या, ते फीबद्दल आहे. कायद्यात फी, आकार आणि खर्च असे तिन्ही शब्द आहेत.

कोर्टरोड
कायद्याचं थोडं नीट मांडतो, कारण रागारागात लोक चुकीच्या मुद्द्यावर तक्रार करतात आणि हात हलवत परत येतात.

सीबीएसईने एप्रिल 2017 मध्ये शाळांना आवारात पुस्तकं-गणवेश विकू नका असं बजावलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये तो आदेश रद्द करून शाळांच्या बाजूने कौल दिला. म्हणजे शाळेत दुकान आहे एवढं सांगून त्या आदेशाच्या जोरावर तक्रार टिकत नाही. भांडायचं ते सक्तीवर. उत्तर प्रदेशने 2018 च्या फी नियमन कायद्यातच लिहून टाकलं की ठराविक दुकानातून घ्यायला भाग पाडता येणार नाही आणि सलग पाच शैक्षणिक वर्षांच्या आत गणवेश बदलता येणार नाही. मानेवाडा_आईंचं निम्मं दुखणं या दुसऱ्या वाक्यात आहे. धाकटीला मोठीचे स्कर्ट चालले असते. असं कलम आपल्या राज्याच्या 2011 च्या फी कायद्यात घालून घ्यायला पाहिजे, ही मागणी आमदारांकडे नेण्यासारखी आहे.

शिवनीच्या रस्त्याने मध्य प्रदेशातलं जबलपूर काही फार दूर नाही. तिथे मे 2024 मध्ये जिल्हा प्रशासनाने फीवाढ आणि पुस्तकविक्रीतल्या संगनमतावरून 11 खासगी शाळांवर गुन्हे दाखल केले. अशी तक्रार उभी करायची तर बिलं, पावत्या, मेसेज जमा ठेवा. चिठ्ठीवर आकडे घेऊन घरी येऊ नका. पक्कं बिल हा तुमचा हक्क आहे. देत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा.

दोघेही_नोकरीवाले
मला हे सगळं वाचून थोडं वाईट वाटून राहिलं, कारण आम्हाला एकच दुकान सोयीचं आहे. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो. दुकानात शाळेचं नाव आणि वर्ग सांगितला की पिशवी तयार. साइझ चुकला तर बदलून देतात. इतवारीत पार्किंग शोधा, कापड घ्या, टेलरकडे खेटे घाला, हे मला जमणार नाही. त्यासाठी हजारभर जास्त गेले तर चालतील.

मानेवाडा_आई
तुम्हाला ते दुकान राहू द्या ना. आमच्या मागणीने ते बंद होत नाही. तुम्हाला चालणारे हजार रुपये हिंगणा_बाबांना चालत नाहीत, आणि नियम दोघांना एकच लागला आहे.

सरकारी_शाळेतली_ताई
एकाच ठिकाणाहून कापड आलं की सगळं एकसारखं राहते असं वर म्हणणं आलं. आमच्याकडे 2024-25 ला "एक राज्य एक गणवेश" आलं. कापड वरून एका ठिकाणाहून येणार, शिलाई महिला बचत गटांकडून. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीला एका गणवेशाचे 300 रुपये मिळत आणि आम्ही गावातच शिवून घेत होतो. त्या वर्षी कपडे उशिरा आले, कोणाच्या बाह्या आखूड, कोणाची पँट कमरेत बसेना. राज्यभरातून ओरड झाली आणि डिसेंबर 2024 मध्ये शासनाने अधिकार परत शाळा समितीला दिले. शिवणारा माणूस पोराला समोर उभं करून माप घेतो तेव्हाच ड्रेस बसते.

आणखी एक गोष्ट कोणी बोललं नाही. सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात. नागपूरचा एप्रिल, पारा 42-43 च्या पुढे, आणि पोरांच्या अंगात पॉलिस्टर जास्त असलेला जाड शर्ट, गळ्यात टाय. सुती कापड घ्यायची मुभा असती तर अर्ध्या आयांनी ते घेतलं असतं. दुकान एक म्हटलं की कापडही तेच एक.

निवृत्त_शिक्षक_महाल
टाय काढून टाका, याला माझी पूर्ण संमती. उन्हाचा मुद्दा माझ्याही मनात होता. पण बाईंनी सांगितलेली फजिती आख्ख्या राज्याचं काम एका हातात दिल्याची आहे. एका शाळेने एक दुकान नेमणं त्यापेक्षा फार लहान गोष्ट. तिथे मुख्याध्यापक दुकानदाराला समोर बोलावून जाब विचारू शकतो.

हिंगणा_बाबा
विचारू शकते, पण विचारते का? कमिशन घेतलं असेल तर तोंड कसं उघडेल?

कार्यकारी_समिती_पालक
मी आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर आहे, चिठ्ठ्या टाकून नाव निघालं. 2011 च्या फी कायद्याप्रमाणे वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला पाहिजे आणि इच्छुक पालकांतून सोडत काढून प्रत्येक इयत्तेचा एक पालक कार्यकारी समितीत येते. बहुतेक पालक नावच देत नाहीत आणि मग जूनमध्ये दुकानाच्या काउंटरवर भांडतात. तेव्हा कापड विणून, शिवून आलेलं असते. कापडवाले दादांनी वर सांगितलंच, ऑर्डर जानेवारीत जाते. फीचा प्रस्ताव पुढच्या वर्षाच्या किमान सहा महिने आधी समितीसमोर यावा लागते. त्याच बैठकीत गणवेशाचा विषय घ्या, म्हणजे वेळ हातात राहते.

आम्ही मागच्या हिवाळ्यात तीन गोष्टी लिहून मागितल्या: कापडाची शेड आणि वजन नोटिस बोर्डावर, मोनोग्राम ऑफिसात सुटा, आणि पाच वर्षं बदल नाही. मोनोग्राम मिळाला. शेडचा तुकडा बोर्डावर लागला. पाच वर्षांवर मॅनेजमेंट अजून हो म्हणत नाही.

गांधीबाग_कापडवाला
ही पाच वर्षांची अट तर आम्हालाही पाहिजे. डिझाइन टिकणार अशी लेखी हमी मिळाली तर साध्या कापडात तीन दुकानं काय, पाच असली तरी मी माल ठेवतो. उरलेला माल पुढच्या वर्षी विकता येईल आणि दरही उतरेल. पण चौकडीत नाव विणायचं बंद करा. ते ठेवून "बाजार खुला करा" म्हणाल तर दुसरा कोणी माग लावणार नाही आणि तुम्ही फिरून माझ्याच दारात याल.

मानेवाडा_आई
पुढच्या सभेत पहिली मागणी हीच ठेवते, साधी चौकडी परत आणा. दादा, गिरणीच्या लॉटचं आणि उरलेल्या मालाचं तुम्ही इथे लिहिलं ते सभेत येऊन सांगाल का? पालकांनी सांगितलं तर मॅनेजमेंट म्हणते, तुम्हाला धंद्यातलं काय कळते.

गांधीबाग_कापडवाला
तुमच्या शाळेला मी माल देत नाही, म्हणून येतो. ज्यांना देतो तिथे बोललो असतो तर ऑर्डर गेली असती, हे तुम्हीही समजून घ्या. तारीख कळवा.