अनुभव धागा: शिकताना कुणी न सांगितलेल्या गोष्टी

काटोलजवळच्या गावातून नागपुरात शिकायला आले, तेव्हा घरात कुणी नोकरी केलेली नव्हती. मार्क आणले की पुढचं आपोआप होतं, एवढंच ठाऊक. तिसऱ्या वर्षी वर्गातल्या दोघींना उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळाली. नोटीस कधी लागली, विचारलं, तर लागलीच नव्हती. त्या जानेवारीतच सरांकडे जाऊन "कुठे काम शिकायला मिळेल का?" विचारून आल्या होत्या. असं विचारता येतं, हेच मला माहीत नव्हतं. तुम्हाला काय, कुणाकडून कळलं? लिहा. आत्ता शिकणारी पोरं वाचताहेत.

मेकॅनिकल, हिंगणा एमआयडीसी
ट्रेनिंगचे पहिले चार दिवस मी साहेबांच्या मागे-मागे. पाचव्या दिवशी लेथवरचे काका म्हणाले, "काऊन रे, तिकडं काय पाहून राहिला? इकडं ये, हात काळे कर." मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातात दिलं. त्याच्या टोकाची फिरकी, म्हणजे रॅचेट, टकटक वाजेपर्यंतच फिरवायची, जास्त आवळलं तर माप कमी दिसतं. मी दोनदा आवळलं, त्यांनी दोनदा सोडवलं, रागावले नाहीत. रोजचं रोज खिशातल्या वहीत लिहू लागलो. महिन्याभराने साहेबांना त्यांनीच सांगितलं, "हे पोट्टं कामाचं आहे." पहिली नोकरी त्या एका वाक्यावर लागली. काका आता रिटायर झालेत, दिवाळीला जातो त्यांच्याकडे.

वकील, हायकोर्ट नागपूर खंडपीठ
सिनिअर दुसऱ्या कोर्टात अडकले आणि आपलं मॅटर पुकारलं, तर पासओव्हर मागायचा, म्हणजे मॅटर त्याच दिवशी थोड्या वेळाने घ्या अशी विनंती करायची. लॉ कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही. मी नुसतीच उभी. मागून एक अनोळखी वकीलबाई पुटपुटल्या, "पासओव्हर माग." तेव्हापासून प्रत्येक फाईल मलाच बोलायचं आहे असं समजून वाचते.

पीएचडी करतेय
शिफारसपत्र दोन दिवस आधी मागितलं, चार ओळींचं मिळालं. पुढच्या वेळी महिनाभर आधी गेले, बायोडेटा आणि प्रोजेक्टचं एक पान घेऊन. पत्र दीड पानाचं झालं.

बी.एस्सी. दुसरं वर्ष, उमरेड
ताई, अनोळखी प्राध्यापकांना मेल करायची भीती वाटते. काय लिहू?

धागाकर्ती
त्यांचा एक पेपर वाच, जमेल तेवढा. मग पाच-सहा ओळी: तू कोण, पेपरातलं काय आवडलं, काय शिकायचंय, केव्हा मोकळी आहेस. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर, त्यात उद्धटपणा नाही. आज मसुदा लिहून मला पाठव, रात्री जेवण झाल्यावर वाचते.