शंकेच्या काळात विश्वास कसा टिकवायचा? मराठवाड्यातल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांनी लिहावं

"एवढी प्रार्थना केली, काय झालं?" हे वाक्य उपासनेत कुणी मोठ्यानं बोलत नाही, घरी परतताना गाडीवर मागे बसून बोलतात. म्हणून पाळक (चर्चचे धर्मगुरू), शब्बाथशाळेचे (रविवारच्या बायबल वर्गाचे) शिक्षक, घरगुती प्रार्थना चालवणाऱ्या ताई, सगळ्यांना विनंती: असा माणूस समोर आला तर नेमकं काय करायचं आणि काय टाळायचं, ते लिहा. साक्ष नको, उपयोगाचं लिहा.

पाळक, जालना जिल्हा

शंका आली की लोक प्रार्थना बंद करतात, कारण मनात नसलेली स्तुती तोंडावर आणणं त्यांना ढोंग वाटतं. त्यांच्यासाठी बायबलमधलं स्तोत्र 13 आहे. जेमतेम सहा वचनं. पहिल्या दोनांत तक्रार, "आणखी किती काळ?" असं चार वेळा. पुढच्या दोनांत मागणी. शेवटच्या दोनांत भरवसा. वहीत याच क्रमानं स्वतःची प्रार्थना लिहायला सांगा. तक्रारीत मोघम "अडचणी" नको. सोयाबीन काळं पडलं, सोसायटीचं कर्ज थकलं, भाऊ बोलत नाही, असं नाव घेऊन लिहायचं. भरवशाच्या ओळी सुचल्या नाहीत तर ती जागा मोकळी ठेवायची. बहुतेकांचं इथंच चुकतं, ओढूनताणून "तरी प्रभू चांगला आहे" लिहितात आणि दुसऱ्या दिवशी वही उघडत नाहीत. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुती नाहीच. तेही पवित्र शास्त्रातच आहे.

हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाबद्दल कळकळीनं सांगतो. कापणीच्या सणाला आपण तिसऱ्या अध्यायातली 17 आणि 18 ही दोनच वचनं वाचतो: अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन. दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याला हे एवढंच वाचून दाखवलं तर तो हुकूम वाटतो. पुस्तक तीनच अध्यायांचं आहे, एका बैठकीत होतं. पहिल्यात संदेष्टा देवाशी सरळ भांडतो, दुसऱ्यात बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट बघतो, तिसरा त्यानंतर येतो. वाचायचं तर पहिल्यापासून वाचा.

प्रार्थनागट चालवणारी, बीड जिल्हा

आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने मंडळी (चर्च) सुटते आणि विश्वास तिथंच ढिला पडतो. पहाटे फडात, रात्री कोपीत (पाचटाच्या झोपडीत), प्रार्थनेला ना जागा ना ताकद. निघण्याआधी तीन कामं करा. मुकादमाला कारखान्याचं आणि गावाचं नाव विचारून पाळकांना द्या, म्हणजे ते तिकडच्या मंडळीला फोन करतील. मोबाइलमध्ये वाचून दाखवणारं पवित्र शास्त्र आधीच उतरवून घ्या, फडात रेंजचा भरवसा नसतो. आणि रात्रीसाठी एकच स्तोत्र ठरवा, 4 किंवा 121, दोन्ही आठ-आठ वचनांची. रोज नवीन शोधायला गेलं की दोन दिवसांत सुटतं.

थकलेल्या माणसाला उपदेश करू नका. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा "मला मरण दे" म्हणतो तेव्हा देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. बोलणं नंतर. कोपीत गेलात तर आधी चूल पेटवा, लेकरू सांभाळा.

शब्बाथशाळेचा शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

कॉलेजच्या मुलांची शंका वेगळी असते, त्यांना भाकरी देऊन भागत नाही. मोबाइलवर कुणीतरी दाखवतं: येशूच्या रिकाम्या कबरेकडे किती स्त्रिया गेल्या? चार शुभवर्तमानांपैकी (येशूच्या चरित्रांपैकी) मत्तय दोन सांगतो, मार्क तीन, लूक तीन नावं देऊन "आणि इतर" म्हणतो, योहान फक्त मग्दालीया मरियेचं नाव घेतो. "असं विचारू नये" म्हणालात की मुलगा गेला. चारही उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचा. योहानात मरिया "आम्हांला ठाऊक नाही" म्हणते, म्हणजे ती एकटी नव्हती, हे मुलांनाच सापडू द्या. मार्क 16 मधली 9 ते 20 ही वचनं सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, हेही आपणच आधी सांगा. बाहेरून कळलं तर लपवल्यासारखं होतं. मग 1 करिंथ 15 उघडा. प्रेषित पौलाचं हे पत्र साधारण इ.स. 55 च्या सुमाराचं, चारही शुभवर्तमानांच्या आधीचं, आणि त्यात पुनरुत्थान पाहिलेल्यांची यादी आहे. यानं सगळे प्रश्न मिटत नाहीत, पण मुलाला कळतं की इथं विचारायला मोकळीक आहे. पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्यालाही बाकीच्यांनी बाहेर काढलं नव्हतं. आठ दिवसांनी तो त्यांच्याच खोलीत होता.

धर्मशिक्षिका, कॅथलिक

मनाला काही जाणवत नाही म्हणून मिस्सा (चर्चमधली उपासना) सोडू नये, एवढंच. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापली गेली, तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. तरी रोजची प्रार्थना आणि सेवा थांबली नाही. अख्खी रोझरी (जपमाळ) होत नसेल तर एक दशक, म्हणजे तिचा दहा मण्यांचा एक भाग, म्हणा.

परिचारिका, लातूर

आजारपणात सगळ्यात जास्त घाव घालणारं वाक्य: "तुमचा विश्वास कमी पडला." कृपा करून हे कुणाला म्हणू नका. पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा गेला नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरही "कुणाच्या पापामुळे?" असं विचारणारे होते. लूक 13 मध्ये शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेल्याचं येशू स्वतः काढतो आणि ते इतरांपेक्षा जास्त पापी होते हे साफ नाकारतो.

प्रार्थना सुरू ठेवून गोळ्याही सुरू ठेवायच्या. साखरेच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या गोळ्या "विश्वासानं" बंद केल्यानं माणसं दगावतात. वर पाळकांनी वहीचं सांगितलं ते छान आहे, पण झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ती शंका नसून नैराश्य असू शकतं. डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात. जिवाचं बरंवाईट करायची भाषा ऐकलीत तर त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पाळकांना सोबत घ्या, पण त्यांची वाट बघत थांबू नका.