मदत हवी आहे : कड्यावरून खाली असलेल्या माउंटन गोटवर बाण कधी सोडावा आणि कधी सोडू नये?

नमस्कार. माझे वास्तव्य अलास्कातील अँकरेज येथे असून येत्या सप्टेंबरात कोडियाक बेटावर माउंटन गोटच्या (कड्याकपारीत राहणारा, शेळीसारखा पांढरा रानटी प्राणी) शिकारीस धनुष्य घेऊन जाण्याचे ठरवले आहे. परवाना, रहिवासाची अट आणि धनुर्धारी शिकाऱ्यांचे प्रमाणपत्र या बाबी पूर्ण झाल्या आहेत. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीवर बंदी आहे, याची जाणीव आहे. कोडियाकवर मात्र हा प्राणी मूळचा नव्हे. 1952-53 मध्ये बाहेरून आणून सोडलेल्या मोजक्या जनावरांपासून तेथील कळप वाढले आहेत. त्यामुळे शिकार योग्य की अयोग्य, हा वाद येथे कृपया नको.

माझे कंपाउंड धनुष्य (टोकांना चाके असलेले आधुनिक धनुष्य) 60 पौंड ताणाचे आहे (या प्राण्यासाठी राज्याचा नियम किमान 50 पौंडांचा आहे) आणि ब्रॉडहेडसह (शिकारीचे धारदार पात्यांचे टोक) बाणाचे वजन 450 ग्रेन, म्हणजे सुमारे 29 ग्रॅम, भरते. सपाट मैदानावर 40 यार्डांपर्यंत नेम समाधानकारक आहे. अडचण उताराची आहे. माउंटन गोटला धोका खालून येण्याची सवय असल्याने तो बहुधा खालीच नजर ठेवून असतो. म्हणून वळसा घालून डोंगराच्या धारेवर चढावे आणि वरून उतरत जवळ जावे, असे सर्वच जाणकार सांगतात. दिवस तापल्यावर वारा उताराने वर चढू लागला की आपला वासही त्याच्याकडे जात नाही. परंतु असे गेल्यास बाण जवळजवळ नेहमीच तीव्र कोनात खाली सोडावा लागणार.

40 अंशांच्या कोनात रेंजफाइंडरने (अंतर मोजण्याचे उपकरण) 40 यार्ड दाखवले, तर नेम आडव्या अंतराचा, म्हणजे सुमारे 31 यार्डांचा धरावा लागतो, हे गणित मला ठाऊक आहे आणि माझा रेंजफाइंडर ते स्वतःच करतो. हात खाली न झुकवता कमरेतून वाकण्याचा सरावही चालू आहे. शंका पुढची आहे. वरून आलेला बाण पाठीजवळून शिरून पलीकडे बराच खाली निघतो, त्यामुळे समतल जमिनीवरच्या सवयीने खांद्यामागे मध्यभागी नेम धरला, तर एकच फुप्फुस भेदले जाण्याची भीती वाटते. म्हणून बाण कोठे शिरेल यापेक्षा तो पलीकडे कोठून बाहेर पडेल, हे डोळ्यांसमोर ठेवून नेम धरावा, असे मला वाटते. पण कोणत्या कोनापलीकडे हा हिशेबच सोडून द्यावा आणि बाण भात्यातच ठेवावा? तसेच साइटचा (धनुष्यावरील नेम धरण्याचे साधन) तिसरा अक्ष, म्हणजे वर-खाली नेम धरताना साइट सरळ राहावी यासाठीची जुळणी, नीट नसल्यास तीव्र कोनात बाण डावी-उजवीकडे सरकतो; तो घरच्या घरी नीट जुळवण्याची खात्रीची पद्धत कोणी सांगेल का?

दुसरा प्रश्न मला अधिक सतावतो. हा प्राणी अतिशय चिवट असून जखमी झाल्यावर कड्याकडे धाव घेतो. तेथून कोसळला तर शिंगे तुटतात, मांस खराब होते, आणि जेथे दोराशिवाय पोहोचता येत नाही अशा घळीत तो अडकला तर सगळेच वाया जाते. रायफलवाले खांद्याची हाडे मोडून त्याला जागीच पाडतात. बाणाने तसे होत नाही. माझा साथीदार अनुभवी आहे, पण त्याचा सारा अनुभव रायफलचा, त्यामुळे या बाबतीत त्याचा सल्ला मला अपुरा पडतो. बाण लागल्यानंतर जनावर किती अंतर जाईल असे धरून तुम्ही जागा निवडता? खाली गवताळ उतार किंवा सुट्या दगडगोट्यांचा साधा उतार असेल तरच बाण सोडायचा, हा नियम पाळणे प्रत्यक्षात शक्य होते का, की त्यापायी बहुतेक संधी सोडाव्याच लागतात? तसे असल्यास माझी हरकत नाही.

नर-मादी ओळखण्याबाबत मला फारशी चिंता नाही. नराची शिंगे बुडाशी जाड आणि एकसारखी वळलेली, मादीची बारीक आणि टोकाशी एकदम वाकलेली असतात. धनुष्याच्या पल्ल्यात हा फरक दुर्बिणीतून निवांत पाहता येतो. मादी सहसा चार-पाच वर्षांची झाल्यावरच पहिल्यांदा पिल्लू देत असल्याने ती टाळणारच आहे.

अलास्का किंवा ब्रिटिश कोलंबियात धनुष्याने ही शिकार केलेल्यांनी उत्तर दिल्यास आभारी राहीन. उत्तरात शक्य असल्यास कोन, अंतर आणि बाण लागल्यावर जनावर कोठवर गेले, हे अवश्य लिहावे.